अर्ज दिला, पुढे काय?

'ताई, अर्ज दिला. आता घरात घेतील ना?' मुखेडची असो की उदगीरची, प्रत्येकीचा मला हाच प्रश्न. खरं सांगते, लगेच नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांत, आणि तिथून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं लिहिलंय. प्रत्यक्षात महिने जातात. नवरा ऊसतोडीला गेला की नोटीसही परत येते.

म्हणून अर्जासोबतच शपथपत्र देऊन कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा. तो एकतर्फीही देता येतो. सासर नांदेड जिल्ह्यात नि सध्या आसरा लातूरच्या माहेरी, तरी अर्ज लातूरला चालतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट. बाईला उत्पन्नाची अट नाही. शिक्क्याची प्रत मात्र विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. (माहेरचेही 'मिटवून घे' म्हणतात, हे आपण जाणतोच.)

तोवर राहायचं कुठं? संरक्षण अधिकाऱ्याकडे आश्रयगृहाची लेखी मागणी करा. कलम ६ प्रमाणे आश्रयगृहाच्या प्रमुखाने आसरा द्यायचाच आहे. 'आधी घरच्यांना घेऊन ये' म्हणाले, तर ही अट कायद्यात कुठं आहे ते दाखवा म्हणावं, आणि तिथंच बसून राहावं.