लपवलेल्या साथीचा धडा

जैविक अस्त्र म्हटले की शत्रूने आपल्यावर जंतू सोडल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. पण ज्या देशात ते तयार होते, तिथल्या नागरिकांनाही त्याचा तेवढाच धोका असतो.

एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क, म्हणजे आजच्या येकातेरिनबर्ग शहरात, अचानक अँथ्रॅक्सचे रुग्ण येऊ लागले. किमान ६६ जण दगावले. दूषित मांस खाल्ल्याने हा आजार झाला, असे सरकारने सांगितले. रुग्णालयांतील कागदपत्रे गुप्तचर यंत्रणेने ताब्यात घेतली. मात्र फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या दोन विकृतीशास्त्रज्ञांनी शवविच्छेदनातील नमुने आणि टिपणे जपून ठेवली. रोगाचा मुख्य घाव छातीतील लसिका ग्रंथींवर होता. याचा अर्थ, जंतू श्वासातून शरीरात गेले होते. पुढे मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकाने मृतांची ठिकाणे नकाशावर मांडली, तेव्हा ती लष्करी केंद्रापासून वाऱ्याच्या दिशेने एका अरुंद पट्ट्यात आली. त्याच रेषेत पुढे सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जनावरेही मेली होती. या घटनेमागे लष्कर होते, हे १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी मान्य केले.

जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ मध्ये लागू झाला होता आणि सोव्हिएत संघाची त्यावर सही होती. भारतही त्या कराराचा सदस्य आहे. रासायनिक शस्त्रांच्या करारात निरीक्षक पाठवून तपासणी करण्याची सोय आहे. जैविक शस्त्रांच्या करारात ती आजही नाही. त्यासाठीच्या वाटाघाटी २००१ मध्ये फिसकटल्या. त्याच वर्षी अमेरिकेत टपालाने आलेल्या अँथ्रॅक्सच्या भुकटीने पाच जणांचा जीव घेतला. लस बनवण्यासाठी आणि शस्त्र बनवण्यासाठी लागणारी विद्या बरीचशी एकच असल्याने तपासणी अवघड आहे, हे खरे. पण अवघड आहे म्हणून ती टाळणे परवडणारे नाही.

श्वासातून होणारा अँथ्रॅक्स सुरुवातीला साध्या फ्लूसारखा दिसतो. प्रतिजैविके वेळेत मिळाली तर जीव वाचू शकतो, उशीर झाला तर हाती फारसे काही उरत नाही. म्हणून साथ निसर्गाची असो वा माणसाने पसरवलेली, ती प्रथम ओळखली जाणार बाह्यरुग्ण विभागातच. एकाच वस्तीतले चार रुग्ण सारखीच लक्षणे घेऊन आले, तर त्याची नोंद त्याच दिवशी वर गेली पाहिजे. आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम याचसाठी आहे. मात्र आकडा वाढला की कळवणाऱ्यालाच जाब विचारला जाणार असेल, तर आकडे कागदावरच दाबले जातील.

गावकऱ्यांनीही एवढे करावे: जनावर अचानक मेले, नाकातोंडातून न गोठणारे रक्त आले, तर ते कापू नये, सोलू नये, पशुवैद्यकाला कळवावे. अशा आजाराची बातमी जितकी लवकर बाहेर येईल, तितके जीव वाचतील.