घरमालक आणि भाडेकरू

तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२ साली ओरतनाड येथे मुक्तांबाळ छत्र उभारले, ते वाटसरूंच्या निवाऱ्यासाठी. परंतु शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तंजावरात येणाऱ्या कुटुंबाला वर्षानुवर्षांचे घर हवे असते. ते बहुधा भाड्याचेच असते. मात्र घर परत मिळेल ना, या धास्तीने पुष्कळ मालक रिकाम्या घराला कुलूप लावून ठेवतात.

तामिळनाडूत १९६० च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या जागी २२ फेब्रुवारी २०१९ पासून नवा कायदा आला. त्यानुसार करार लेखी करून भाडे प्राधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (नागरी) २.० मध्येही परवडणाऱ्या भाड्याच्या घरांना स्थान आहे.

भाडे, मुदत व भाडेवाढ कागदावर असली, म्हणजे मालक निर्धास्त राहतो आणि भाडेकरूचा संसारही. किल्ली देण्याघेण्यापूर्वी करार व्हावा, यातच उभयतांचे हित आहे.