अभयदान द्यायचं तर आधी काचेवरची टिचकी थांबवा



आमच्या महिला मंडळात गेले तीन रविवार स्वाध्याय संपला की एकच विषय निघतो, माझ्या जाऊबाईंच्या घरी आलेला साप. पुतण्याने पुण्याहून आणलाय. बॉल पायथन म्हणतात त्याला, आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर. बिनविषारी, वय वर्षभराचं, हाताच्या अंगठ्याहून थोडा जाड. जैन घरात साप पाळायला आणला म्हटल्यावर चर्चा होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती मंडळात सुचवल्या जाणाऱ्या उपायांबद्दल. कुणी म्हणतं नदीकाठी सोडून या, पुण्य लागेल. कुणी म्हणतं दूध ठेवा. एकजण म्हणाली पनीर खायला शिकवा, सवयीने सगळं होतं. आणि एका ज्येष्ठ बाईंनी घरी येऊन पेटीसमोर उदबत्ती लावली, कारण पार्श्वनाथ भगवंतांच्या डोक्यावर फणा असतो. या सगळ्याला जीवदया म्हणायचं असेल, तर मला त्या शब्दाचा अर्थ पुन्हा शिकावा लागेल.

आधीच सांगते, हा साप आणायला माझा विरोध होता आणि आजही आहे. त्याची कारणं खाली येतीलच. पण आणणं वेगळं आणि आणल्यावर त्याच्याशी कसं वागायचं ते वेगळं. आपण पहिल्या गोष्टीचा राग दुसऱ्या गोष्टीवर काढतोय, आणि तो सोसतोय एक मुका जीव.

तो जीव कसा आहे ते तर बघा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हे साप उंदरांच्या सोडलेल्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत दिवसभर दडून असतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. भीती वाटली की फणा नाही, फूत्कार नाही. अंगाचं वेटोळं करून डोकं आत मधोमध लपवतो, चेंडूसारखा होतो. नावातला ‘बॉल’ त्यावरूनच आलाय. म्हणजे ज्याची संरक्षणाची सगळी युक्ती लपणं हीच आहे, त्याला आपण चारही बाजूंनी उघड्या काचेच्या पेटीत, दिवाणखान्यात, ट्यूबलाइटखाली ठेवलं. वर दिवसातून दहा माणसं येऊन काचेवर टिचक्या मारतात. सापाला बाहेरचे कान नसतात म्हणून त्याला काही ऐकू येत नाही असं समजू नका. जमिनीचा, टेबलाचा थरथराट त्याला अंगभर कळतो. त्याच टेबलावर मिक्सर चालत होता! जाऊबाई म्हणाल्या, “तो रात्रभर नाक घासत काचेवर फिरतो, खेळकर आहे.” खेळकर कसला, बाहेर पडायची वाट शोधतोय. नाक घासून घासून सालटी निघतात त्यांची.

“हाताळल्याशिवाय माणसाळणार कसा, काकू?” हा पुतण्याचा प्रश्न. आणल्या दिवसापासून गळ्यात घालून फोटो चालू होते. मी त्याला म्हटलं, बाळा, नवी सून घरात आल्यावर पहिल्याच दिवशी अख्ख्या गल्लीने तिला उचलून फिरवलं तर ती रुळेल का? साप तर कळपात राहणाराही प्राणी नाही. तुझ्यावर त्याचं प्रेम बसणार नाही. फार तर तू धोका नाहीस एवढं त्याला कळेल, आणि तेही तू गप्प राहिलास तर. नवीन साप आणल्यावर निदान पहिला आठवडा, शक्यतो दोन, त्याला हात लावायचा नसतो. पाणी बदलायचं, घाण काढायची, बाजूला व्हायचं. दोन-तीन वेळा नीट खाल्ल्यावर मग हळूहळू, थोडा वेळ. खाल्ल्यानंतरचे दोन दिवस तर अजिबात नाही, नाहीतर गिळलेलं बाहेर काढतो आणि आजारी पडतो.

मग त्या घरात आम्ही काय केलं ते सांगते, कारण कुणाच्या तरी घरी हाच पाहुणा येणार आहे हे मला दिसतंय. पेटी दिवाणखान्यातून उचलून मागच्या खोलीत नेली, जिथे टीव्ही नाही आणि ये-जा कमी. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून कागद लावला. आत लपायच्या दोन जागा केल्या, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवली तर त्याला ऊब किंवा लपणं यातलं एक निवडावं लागतं, आणि घाबरलेला साप लपणं निवडून थंडीत बसून राहतो. विकतच्या गुहा महाग होत्या. मी दोन मातीच्या कुंड्या उपड्या घातल्या, एकेका बाजूला दाराएवढा तुकडा काढून कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. जागा ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर चारी बाजूंनी अंग टेकलं पाहिजे, तेव्हाच त्याला सुरक्षित वाटतं. आपल्याला मोठं घर म्हणजे सुख, त्याला अडचण म्हणजे सुख.

उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७ अंश. तापणाऱ्या चटईला थर्मोस्टॅट हवाच, हाताने अंदाज घेऊन चालत नाही. साप भाजला तरी लगेच सरकत नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात तर उलटच काळजी, दुपारी खोलीच चाळिशीला टेकते. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास लागतो, नाहीतर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. त्यासाठी पाण्याचं जड भांडं आत, त्यात तो बसतोही. कात टाकायच्या आधी डोळे निळसर धुरकट होतात. तेव्हा तो नीट पाहू शकत नाही आणि जास्त घाबरतो, तेव्हा तर बिलकूल छेडायचं नाही. तळाला सध्या साधा कोरा कागद, म्हणजे शौच, किडे, रक्त काय आहे ते दिसतं. झाकणाला कुलूप. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा, हळद लावून बसायचं नाही. आणि उदबत्ती नको. तो जिभेने वास घेतो, त्या छोट्या खोलीत धूर म्हणजे त्याला शिक्षा.

एवढं करून आठ दिवसांत नाक घासणं थांबलं. रात्री तो कुंडीच्या दारातून डोकं बाहेर काढून शांत बसतो म्हणे. मी पाहायला गेले नाही. न जाणं हीच तर सेवा आहे.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिल्या तिन्हींच्या पाट्या आपण बस्तीच्या भिंतीवर लावतो. अभयदानाची पाटी लागत नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काही घडत नाही. काचेवर टिचकी न मारणं, पाहुण्यांना “या या, बघा” न म्हणणं, फोटो न काढणं, यात कसलं कर्तृत्व? पण त्या पेटीतल्या जिवाला आत्ता देण्यासारखं तेवढंच आहे. पार्श्वकुमारांनी कमठाच्या धुनीतल्या लाकडात होरपळणारी नागाची जोडी पाहिली, तेव्हा त्यांना शेवटच्या क्षणी णमोकार ऐकवला. टोपलीत घालून राजवाड्यात मिरवली नाही. उदबत्तीवाल्या बाईंना मी हेच म्हणाले, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आता नदीकाठाचं. “मुलगा कॉलेजला गेला की कृष्णेकाठी सोडून ये, सुटेल बिचारा,” असं जाऊबाईंना निदान तिघींनी सांगितलंय. सुटणार नाही, मरेल. तो पेटीत जन्मलेला, त्याने कधी शिकार केलेली नाही. आपल्याकडची थंडीतली रात्र त्याला झेपणारी नाही. तपकिरी अंग, त्यावर मोठे ठिपके, जाडसर बांधा. शेतात दिसला तर लोक घोणस समजतील आणि पहिल्या काठीला संपवतील. आणि समजा जगलाच, तरी त्याच्या अंगावरचे किडे, रोग इथल्या सापांना लागायची भीती. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर सुटले, वाढले, आणि तिथल्या ससे-रॅकूनसारख्या प्राण्यांचा जवळजवळ सफाया झाला. एका जिवाला सोडल्याचं पुण्य आपण घ्यायचं आणि बाकीच्या जिवांचं पाप कुणाच्या खात्यात?

दुधाबद्दल एकाच वाक्यात सांगते. कुठल्याही सापाला दूध पचत नाही, तहानेने व्याकूळ असला तर तो पाणी समजून पितो आणि आजारी पडतो. पनीरबद्दल तर तेवढंही लिहीत नाही.

पण पनीर सुचवणाऱ्या मैत्रिणीने नकळत खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलंय. साप उंदीर खातो. मांसाशिवाय दुसरं काही खाऊच शकत नाही. ज्या घरात कांदा येत नाही, सूर्यास्तानंतर गॅस पेटत नाही, पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, त्या घराच्या फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर? दुकानदाराने पुतण्याला सांगितलं होतं, “आठवड्यातून एकदा खातो, काही त्रास नाही.” त्रास कुणाला नाही? हे साप माणसाकडे २० ते ३० वर्षं जगतात. लहानपणी जास्त, मोठेपणी कमी, पण महिन्याला सरासरी दोन उंदीर धरले तरी ३० वर्षांत ७२० होतात. उंदीरही पंचेंद्रियच. त्यातही जिवंत उंदीर आत सोडला तर तो भीतीने सापालाच चावतो, दोघांचेही हाल. म्हणून जाणकार लोक आधीच मारून गोठवलेला, कोमट करून देतात. हिंसा कुठे गेली नाही, फक्त आपल्या नजरेआड झाली.

“मग उपाशी ठेवा, उपवास घडेल,” असं कुणी म्हणेल, म्हणालंही. तो उपवास नव्हे. उपवास स्वतःच्या मर्जीने होतो. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितलेत, त्यात पहिला बंध, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. आणि शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे त्याचं खाणंपिणं अडवणं. नवीन साप भीतीने काही आठवडे स्वतःहून खात नाही, ते वेगळं, त्याला घाई करू नये. पण आपण अडवायचं नाही. आता पाहा कसा पेच पडलाय. पेटीत ठेवला तर बंध. उपाशी ठेवला तर अन्नपाननिरोध. खाऊ घातला तर ७२० उंदीर. सोडून दिला तर मरण. चारही दारं बंद, आणि हा पेच ज्या क्षणी दुकानात पैसे दिले त्या क्षणीच पडला. पंधरा कर्मादानांत असतीपोषण म्हणजे हिंसक प्राणी पाळणं-पोसणं वर्ज्य का सांगितलं, ते मला पुस्तकात वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या फ्रीजरने कळलं. यात पोटापाण्याचा प्रश्न नाही, शेतीचं रक्षण नाही, निव्वळ हौस. याला अनर्थदंड म्हणायचं नाही तर कशाला?

म्हणून माझी लढाई त्या सापाशी नाहीच, ती त्या बाजाराशी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले नऊ बॉल पायथन सापडले. पुड्यांत, मैत्रिणींनो. मुंगी मरू नये म्हणून आपण झाडू हलका मारतो, आणि आपलीच मुलं वाढदिवसाच्या पैशांतून याच बाजाराला गिऱ्हाईक होतात. “तो काही तस्करीचा नाही, ब्रीडरकडचा आहे,” असं पुतण्या म्हणतो. असेलही. मागणी मात्र एकच आहे.

कायद्याचंही आयांनी ऐकून ठेवा. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम आहेत. अशा प्राण्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि तो दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. पुतण्याकडे दुकानाची पावती होती, नोंद नव्हती. गेल्या आठवड्यात मी त्याला शेजारी बसवून अर्ज भरायला लावला.

जाऊबाईंनी त्याला सांगितलंय की त्यांच्या फ्रीजरमध्ये काही येणार नाही. मी त्यांच्या बाजूची आहे. त्याने गच्चीवरच्या खोलीत स्वतःच्या पैशाने छोटा फ्रीज ठेवलाय, साप हलवायचाही तिथेच, पण महिनाभर नाही. आत्ता कुठे रुळतोय, पुन्हा जागा बदलली तर सगळं पहिल्यापासून. तोवर वर-खाली त्यानेच करायचं. भाऊजींचं म्हणणं आहे की नोंद झाल्यावर पुण्यातल्या एखाद्या जाणत्या, नोंदणी असलेल्या माणसाला तो द्यावा. मलाही तेच बरं वाटतं, पण ज्याच्याकडे द्यायचा त्याच्या पेट्या आधी जाऊन बघायच्या अशी माझी अट आहे. पुतण्या अजून हो म्हणालेला नाही.

येत्या रविवारी मंडळात विषय निघेलच. ज्यांना साप बघायला यायचंय त्यांनी कृपा करून येऊ नका.