गोठवलेल्या मालाची पारख
मासळीबाजारात गिऱ्हाईक कल्ल्यांची लाली पाहते, बोटाने मांस दाबते आणि मगच भाव करते. घरपोच येणाऱ्या गोठवलेल्या पाकिटाने ही पारख हिरावून घेतली आहे. उणे १८ अंश सेल्सिअसला सारे जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ थांबते. माल वाटेत वितळला की ती पुन्हा सुरू होते. सुट्या वाटाण्यांचे ढेकूळ झालेले दिसले, तर ग्राहकाला संशय तरी येतो. परंतु प्रत्येक धोका वासावरून कळत नाही. विक्रेत्याला ठाऊक असलेले ग्राहकाला ठाऊक नसेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखविले. तापमान वाढताच रंग बदलणाऱ्या पट्ट्या आज उपलब्ध आहेत. त्या पाकिटावर लावण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले पाहिजे. पारखण्याचा हक्क गेला, तर निदान पुराव्याचा हक्क तरी ग्राहकाला मिळावा.