राखेच्या विटेला नावं ठेवण्याआधी



नववीला घनकचरा व्यवस्थापन शिकवायला घेतलं की ओला कचरा, सुका कचरा, पुनर्वापर हे सगळं मुलं पाठ करून टाकतात. कारखान्यांच्या कचऱ्यापाशी आलो की आपण एका वाक्यात उरकतो : 'औद्योगिक कचऱ्यापासून सिमेंट, विटा, फरशा बनवता येतात.' मीही कित्येक वर्षं असंच उरकलं. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, मग आपल्या शाळेची कुंपणभिंत का ढासळतेय? ती तर राखेच्याच विटांची आहे ना?"

प्रश्न रास्त होता. चार पावसाळ्यांत त्या भिंतीच्या विटांच्या कडा हातानं कुस्करता येऊ लागल्या. गावानं निकालही देऊन टाकलाय : राखेची वीट म्हणजे फसवणूक, वीट घ्यावी ती भट्टीचीच. आता नव्या वर्गखोलीचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे आहे आणि "राखेची नको" असं सगळ्यांचं आधीच ठरलेलं आहे. माझं म्हणणं आहे की हा निकाल चुकीच्या आरोपीवर लागलाय.

आधी ही राख येते कुठून ते पाहू. आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं औष्णिक वीज केंद्र परळीचं. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. १०० किलो कोळसा जाळला की ३० ते ४० किलो राख उरते. धुराड्याकडे जाणारी बारीक राख यंत्रानं अडवून गोळा करतात, तीच फ्लाय ॲश. उरलेली पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. तिथं ती वाळली की वाऱ्यानं उडते आणि बांध फुटला तर काय होतं ते जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ दिसलं. कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ ओढ्यांत, शेतांत पसरला. म्हणजे ही राख कुठेतरी जिरवावीच लागणार आहे.

ती भिंतीत जिरते याला कारण तिच्यातलं सिलिका आणि ॲल्युमिना. नुसत्या पाण्यानं ही राख घट्ट होत नाही. चुना सोबत असेल तर मात्र पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू दगडासारखी आवळते. हे आपल्याकडे नवीन नाहीच. जुने वाडे, बारवा बांधताना चुन्यात काय घालत? फुटक्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी. बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणीत चुना आणि सुरखी मळून काढत. भाजलेली माती आणि चुना यांच्यात जे घडतं तेच राख आणि चुना यांच्यात घडतं. औंढ्याला दर्शनाला गेलात तर खालचं कोरीव दगडी काम आणि वरचं नंतरच्या काळातलं चुनेगच्ची शिखर मुलांना वेगवेगळं दाखवा. सिमेंट येण्याच्या आधी माणसं काय वापरत होती, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा तिथं पटकन कळतं.

आज दुकानात 'पीपीसी' लिहिलेली सिमेंटची गोणी मिळते, तिच्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. भारतीय मानकाची तशी परवानगीच आहे. पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, वापरून केलेल्या सिमेंटमध्ये तर ती ७० टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे राखेच्या विटेला नाक मुरडणाऱ्याच्या घराचा स्लॅबही बहुधा राखेचाच असतो! फायदा हिशेबानं दाखवता येतो. चुनखडी भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो : १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम. शिवाय भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवायची ते इंधन वेगळंच. गोणीत जितकी राख, तितकी चुनखडी कमी भाजावी लागते.

पण आपल्या जिल्ह्यात मला धुरापेक्षा मातीची काळजी जास्त वाटते. एका वर्गखोलीला १० हजार विटा धरा, एक वीट ३ किलोची. ३० टन माती झाली. फूटभर खोल खणलं तर साधारण पाऊण गुंठ्याचा वरचा थर गेला. हळद, सोयाबीन पिकवणारा थर हाच. पैशाची नड असली की शेतकरी तो वीटभट्टीवाल्याला देतो, "खाली अजून माती आहे की" म्हणतो, आणि पुढे कितीही खत घातलं तरी तो तुकडा मागे पडतो. तसा थर पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

सरकारनं नेमकं हेच लक्षात घेऊन १९९९ च्या सप्टेंबरमध्ये अधिसूचना काढली. (त्याच वर्षी १ मे रोजी आपला जिल्हा परभणीपासून वेगळा झाला.) औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटा करायच्या तर वजनाच्या किमान २५ टक्के राख मिसळा, असा नियम आला. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झालं, २०१६ मध्ये ३०० झालं. मुलांना नकाशा आणि कर्कटक द्या, परळीवर टोक ठेवून १०० किलोमीटरचं वर्तुळ काढायला सांगा. वसमत आत येतं, हिंगोली शहर जरा बाहेर राहतं. ३०० च्या वर्तुळात मात्र आपण सगळेच. २०२१ च्या शेवटच्या दिवशी निघालेली अधिसूचना सांगते की या अंतरातल्या बांधकामांनी राखेच्या विटा आणि इतर वस्तू वापराव्यात; अट एवढीच की त्या पर्यायी मालापेक्षा महाग नसाव्यात आणि ठरलेल्या मानकात बसाव्यात.

आपली भिंत मानकातच अडकली. राख, चुना, जिप्सम किंवा राख-सिमेंटची वीट भट्टीत जात नाही. तिला पाण्यावर पिकवावं लागतं, दोन-तीन आठवडे रोज भिजवावं लागतं. आमच्या भिंतीच्या विटा ऐन एप्रिलमध्ये आल्या. साच्यातून निघून आठवडाही झाला नसेल. गावात प्यायच्या पाण्याचीच ओरड, विटांवर कोण मारणार? कोवळी वीट रचली गेली. त्यात सिमेंट किती होतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. विज्ञान शिकवतो तरी.

राख म्हटली की सगळी सारखी, असंही नाही. आपल्याकडे ऊस गाळला जातो, त्याचा चोथा बॉयलरमध्ये जळतो आणि काळी राख उरते. वसमत भागातल्या मुलांनी ती पाहिलेली असते. तिच्यातही सिलिका भरपूर. पण नीट जळाली नसेल तर कोळसा शिल्लक राहतो आणि बारीक दळल्याशिवाय ती चुन्याशी नीट जोडली जात नाही. ती फुकट मिळते म्हणून कुणी थेट सिमेंटमध्ये कालवत असेल तर थांबवा. मातीच्या विटेत मात्र तोच शिल्लक कोळसा उपयोगी पडतो : भट्टीत आतून जळतो, इंधन वाचवतो. शिवाय राख मिसळली की काळी माती वाळताना कमी तडकते. कुंभार मातीत राख आणि लीद का मिसळतात, हे त्यांच्याकडे जाऊन विचारावं. मुलांना तेवढाच एक तास वर्गाबाहेर.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. दिवाळीनंतर वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. भट्ट्या कमी झाल्या तर त्या घरांची मजुरी जाईल. राखेच्या विटांच्या कारखान्यात माणसं लागतात, पण ती हीच माणसं असतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. समितीत हा मुद्दा निघाला तर तो टाळू नका.

बैठकीत माझी मागणी साधी असणार आहे : वीट राखेची घ्या, पण तपासून. ताकद किती ते जवळच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून दाब देऊन तपासून घ्यावं. पाणी किती पिते ते आपली मुलं शाळेतच तपासू शकतात. प्रत्येक गाडीतून पाच विटा उचला, किराणा दुकानातला काटा आणा, वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. नेहमीच्या वापरातल्या विटेनं स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. ३ किलोची वीट असेल तर ६०० ग्रॅम. लाल विटेलाही हाच आकडा लागू आहे, म्हणून भट्टीच्या पाच विटाही शेजारी ठेवा. फक्त विटा आधी चांगल्या आठवडाभर उन्हात वाळवा. ओलसर वीट आधीच पाणी पिऊन आलेली असते, मग ती कच्ची असली तरी कागदावर पास होते.