मळीचे पाणी : जबाबदारी कुणाची, काळजी कोणती?



आपल्या वऱ्हाडात कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्र्याचे बगीचे आहेत; ऊस मात्र अभावानेच दिसतो. तेव्हा आसवनीच्या, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा विषय या सदरात कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या दारात उभ्या असलेल्या दुचाकीच्या टाकीत आहे. 2014 साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होते. 2025 मध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. आपण पाच लिटर पेट्रोल भरतो, तेव्हा त्यात सुमारे एक लिटर इथेनॉल असते. ते मक्यापासून किंवा तांदळापासून तयार झालेले असू शकते. परंतु उसाच्या मळीपासून तयार झाले असेल, तर त्या एका लिटरमागे साधारणपणे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी कुठेतरी निर्माण झालेले असते. याच सांडपाण्याला ‘स्पेंट वॉश’ म्हणतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठचे लोक त्याला मळीमिश्रित पाणी म्हणून ओळखतात.

हे पाणी गडद तपकिरी, आम्लधर्मी आणि बाहेर पडताना चटका देण्याइतके गरम असते. त्याची घातकता मोजण्याचे एक माप म्हणजे जैविक प्राणवायू मागणी, अर्थात ‘बीओडी’. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यातच विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो किती लागेल, हे या मापाने कळते. आपल्या घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते. मळीच्या कच्च्या सांडपाण्याची ती पन्नास हजारांच्या घरात जाते. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे असे एक लिटर सांडपाणी कागदावरच्या हिशेबाने सहा-सात हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. मे 2018 मध्ये पंजाबात एका साखर कारखान्यातील मळी बियास नदीत वाहून गेली आणि असंख्य मासे मृत्यू पावले, त्याचे कारण हेच. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे, तर ते मासे गुदमरून मेले.

या पाण्यावर उपचार करता येतात, आणि ते आपल्याला समजण्यासारखे आहेत. पहिला टप्पा गोबर गॅसच्या संयंत्रासारखाच असतो. बंद टाकीत हवेविना वाढणारे जिवाणू सेंद्रिय द्रव्य पचवतात आणि मिथेन वायू देतात. तो बॉयलरमध्ये जाळता येतो. या टप्प्यात बीओडी पुष्कळच उतरते, तरीही उरलेले पाणी घरगुती सांडपाण्याहून कितीतरी पटींनी जड असते, आणि त्याचा तपकिरी रंग तर जातच नाही. हा रंग मेलॅनॉइडिन नावाच्या द्रव्यांचा असतो. भाकरी तव्यावर भाजताना तिच्यावर जे तांबूस डाग पडतात, तीही याच कुळातली द्रव्ये. भाकरीवर ती रुचकर लागतात. पाण्यात मात्र ती जिवाणूंना सहजी पचत नाहीत आणि सूर्यप्रकाश अडवतात.

म्हणून पुढचे टप्पे आवश्यक ठरतात. बाष्पीभवन करून पाणी आटवायचे. मग तो घट्ट द्रव प्रेसमडमध्ये मिसळून पक्क्या, न पाझरणाऱ्या जमिनीवर त्याचे कंपोस्ट करायचे, किंवा विशेष बॉयलरमध्ये तो जाळून टाकायचा. जाळल्यावर उरणाऱ्या राखेत पालाश असते. हे खत आपला देश जवळजवळ संपूर्णपणे आयात करतो, त्यामुळे या राखेलाही मोल आहे. नदीत एक थेंबही सोडायचा नाही, असे उद्दिष्ट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2003 च्या सनदेने आसवन्यांपुढे ठेवले. हे ज्ञान आपल्याला परके नाही. आपल्या शेजारच्या नागपुरातील ‘नीरी’ ही संस्था 1958 मध्ये स्थापन झाली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणूनच. सांडपाण्याचे शास्त्र हे मुळात आरोग्याचेच शास्त्र आहे.

साखळी तुटते ती बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर. पावसात उघड्यावर कंपोस्ट करता येत नाही. साठवण तलाव भरलेले असतील किंवा त्यांचे अस्तर फाटलेले असेल, तर पहिल्या मोठ्या सरीबरोबर ते पाणी ओढ्याला लागते, नाहीतर जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते.

आता माझ्या क्षेत्रातील मुख्य गोष्ट. विहिरीच्या पाण्याला तपकिरी झाक किंवा उग्र वास आला, की ‘उकळून घेऊ’ असे घरोघरी म्हटले जाते. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटले की ते अधिक दाट होतात. दर्यापूर, भातकुली, बाळापूर या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील गृहिणींना हे समजावून सांगावे लागत नाही. खारे पाणी चुलीवर कितीही उकळले, तरी गोडे झाल्याचे कुणी पाहिले आहे काय? मळीच्या पाण्यात पोटॅशियम, क्लोराइड आणि सल्फेट भरपूर असतात. सल्फेट वाढले की जुलाब होतात. ज्यांचे मूत्रपिंड क्षीण झाले आहे, त्यांच्या शरीराबाहेर पोटॅशियम पुरेसे पडत नाही; ते रक्तात साचले, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून घरात मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल, तर असे पाणी तपासणीचा अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरू नये. विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात.

दुसरा धोका अधिक तातडीचा आहे. उसाच्या हंगामात वऱ्हाडातील काही गावांतूनही माणसे साखर पट्ट्यात कामाला जातात. सांडपाण्याच्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड साचतो. प्रारंभी त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारा माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. हाच नियम गावातील शौचालयाच्या टाकीला आणि गोबर गॅसच्या खड्ड्यालाही लागू आहे. कंदील सोडून पाहणे ही खात्रीची परीक्षा नव्हे. या वायूची धोकादायक मात्रा ज्योत दाखवत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. यंत्राने वायूची तपासणी झाल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधून वर माणूस उभा केल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. कोणी आत पडलाच, तर मागोमाग उडी न घेता 112 वर दूरध्वनी करावा, दोर असेल तर वरूनच ओढून घ्यावे. कामाला निघालेल्या आपल्या मुलाला, भावाला हे चार शब्द घरातूनच सांगून पाठवा.

विहिरीच्या पाण्याविषयी शंका असल्यास ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावा. नमुन्याच्या बाटलीवर तारीख, ठिकाण आणि अलीकडे पाऊस झाला होता की नाही, हे लिहावे. प्रदूषणाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती येथील प्रादेशिक कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तपासणीचा अहवाल फेकू नका. घरातील औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत जपून ठेवा आणि पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना दाखवा. रुग्ण कोणते पाणी पितो, हे कळल्यावर उपचाराची दिशा पुष्कळदा बदलते.