विश्लेषण : 'एडी' म्हणजे 'आफ्टर डेथ' नव्हे! मग या दोन अक्षरांवरून वाद कशासाठी?

इतिहासावरच्या पोस्टखाली 'एडी म्हणजे आफ्टर डेथ, म्हणजेच येशूच्या मृत्यूनंतर' अशी कमेंट हमखास दिसते. पण ते खरं मानलं, तर येशूच्या हयातीतली वर्षं 'बीसी'तही बसणार नाहीत आणि 'एडी'तही.

'एडी' आलं कुठून?

'ॲनो डॉमिनी' या लॅटिन शब्दांचं हे लघुरूप. अर्थ, 'प्रभूच्या वर्षी'. रोममधल्या डायोनिसियस एक्सिगस या मठवासीने इ.स. ५२५ मध्ये ईस्टरच्या तारखांचं कोष्टक तयार करताना ही गणना सुरू केली. तोवर अशा कोष्टकांत रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या नावाने वर्षं मोजली जात. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या राजाची आठवण त्याला ठेवायची नव्हती. इंग्लंडमधल्या बीड या मठवासीने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथात ही पद्धत वापरली आणि पुढे ती युरोपभर रुजली.

गणित चुकलं का?

बहुतेक अभ्यासकांच्या मते, हो. बायबलनुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळातला. पण हा राजा इ.स.पू. ४ च्या सुमारास वारला, असं मानलं जातं. शिवाय या गणनेत शून्य वर्षच नाही. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. म्हणून इ.स.पू. ४४ मध्ये झालेल्या ज्युलियस सीझरच्या हत्येला दोन हजार वर्षं १९५६ मध्ये नव्हे, तर १९५७ मध्ये पूर्ण झाली. खगोलशास्त्रज्ञ मात्र सोयीसाठी शून्य वर्ष धरतात.

मग 'सीई' काय आहे?

'कॉमन एरा', म्हणजे सामायिक कालगणना. आपल्याकडे एनसीईआरटीच्या पुस्तकांतही 'सीई' आणि 'बीसीई' दिसतं. ही आजकालची टूम नाही. योहान्स केपलर यांनी १७व्या शतकातच याच अर्थाचे लॅटिन शब्द वापरले होते. येशूला 'प्रभू' न मानणाऱ्या ज्यू लेखकांनी १९व्या शतकात 'सीई' जवळ केलं.

वाद कशाचा?

'एडी' हटवणं म्हणजे ख्रिस्ती वारसा पुसणं, असा एक आक्षेप. ब्रिटनमध्ये २०११ साली बीबीसीवरून असा गदारोळ झाला होता. दुसरीकडे, सर्वधर्मीय वाचकांसाठी एका धर्माची श्रद्धा सांगणारा शब्द कशाला, असा सवाल.

पण अक्षरं बदलली तरी आकडा तोच राहतो. 'एडी ५२५' आणि '५२५ सीई' हे एकच वर्ष. 'सीई'चा आरंभबिंदूही येशूच्या जन्माचाच अंदाज आहे. मराठीतल्या 'इसवी'मध्येही 'ईसा', म्हणजे येशूच दडलेला आहे. तरी आपण सगळे 'इ.स.' बिनदिक्कत लिहितो, कारण वापरून वापरून तो शब्द सगळ्यांचा झाला आहे.

त्यामुळे 'सीई लिहून इतिहास बदलला' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच पाहा : आकडा बदललाय, की फक्त अक्षरं?